अमेरिकेत नोकरी, ओव्हरटाइम आणि बुडालेला पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत पगारात फसवणूक झाली की आपली माणसं आधी मित्राला विचारतात, मग मंडळातल्या एखाद्या जुन्या माणसाला. वकिलापर्यंत पोचेस्तोवर पुष्कळदा मुदत उलटून गेलेली असते. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं किराणा दुकान, टेक्सासमधलं मोटेल, कुणाच्या घरी मुलं सांभाळणं किंवा कन्सल्टिंग कंपनीतली नोकरी, काम कुठलंही असो, प्रश्न साधारण तेच येतात. इथली उत्तरं मुख्यतः फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेल्या कायद्याबद्दल आहेत. राज्यांचे कायदे बरेचदा त्याहून चांगले असतात आणि जिथे दोन्ही लागू पडतात तिथे कामगाराच्या जास्त फायद्याचा नियम चालतो. तुमच्या प्रकरणाचा निर्णय घेण्याआधी वकिलाशी बोला. पण बोलायला जाण्यापूर्वी एवढं माहीत असू द्या.

हे हक्क नेमके कुठल्या कायद्याने मिळतात?

फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट या १९३८ च्या कायद्याने. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली तेव्हा किमान वेतन तासाला २५ सेंट होतं. आज ते ७ डॉलर २५ सेंट आहे आणि जुलै २००९ पासून तिथेच अडकून पडलं आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा राज्यांत राज्याचं किमान वेतन याच्या दुपटीहून जास्त आहे. टेक्सासमध्ये मात्र फेडरल आकडाच चालतो. ओव्हरटाइमचा नियम सरळ आहे: एका आठवड्यात ४० तासांच्या वर जितके तास काम होईल, त्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दीडपट.

भारतात फॅक्टरी ॲक्टमुळे डबल ओव्हरटाइमची सवय असलेल्यांना दीडपट कमी वाटते. पण तो मुद्दा वेगळा. इथे खरी अडचण दराची नसते, तर ते पैसे मुळात दिलेच जात नाहीत ही असते.

मला तासावर नाही, ठरलेला पगार आहे. मग ओव्हरटाइम नाहीच ना?

आहे. बहुतेक वेळा आहे. हा गैरसमज आपल्या लोकांना सगळ्यात महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पगार आठवड्याचा असो की महिन्याचा, तेवढ्यावरून ओव्हरटाइम जात नाही. ऑफिसच्या किंवा व्यवस्थापनाच्या कामाला ओव्हरटाइममधून सूट हवी असेल तर मालकाला सर्वसाधारणपणे तीन गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात. पगार ठरलेला असायला हवा, म्हणजे काम कमी निघालं किंवा दोन तास आधी घरी पाठवलं म्हणून कापला जाऊ नये. तो आठवड्याला किमान ६८४ डॉलर असायला हवा. आणि काम खरोखर त्या दर्जाचं हवं: माणसांचं व्यवस्थापन, धंद्याच्या महत्त्वाच्या बाबतीत स्वतःच्या बुद्धीने निर्णय, किंवा इंजिनिअरसारखं शिक्षणावर उभं असलेलं काम. ६८४ चा आकडा २०२४ मध्ये फेडरल कामगार खात्याने वाढवला होता, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने ती वाढ रद्द केली आणि जुना आकडा परत आला.

तिन्हींपैकी एक जरी अट मोडली तरी ही सूट टिकत नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणाऱ्या एका माणसाचा खटला आला. त्याची कमाई वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर. पण कंपनी त्याला दिवसाच्या दराने पैसे देत होती, ठरलेला साप्ताहिक पगार नव्हता. कोर्टाने ओव्हरटाइम त्याच्या बाजूने मान्य केला. दोन लाखवाल्याला मिळतो तर दुकानात उभं राहणाऱ्याला का नाही?

माझ्या पदात ‘मॅनेजर’ असं लिहिलंय.

कार्डावर काय छापलंय याला किंमत नाही. दिवसभर तुम्ही काय करता ते बघितलं जातं. व्यवस्थापक म्हणून सूट मिळण्यासाठी व्यवस्थापन हेच तुमचं मुख्य काम हवं, तुमच्या हाताखाली किमान दोन पूर्णवेळ माणसांइतकं मनुष्यबळ हवं, आणि कुणाला घ्यायचं-काढायचं यात तुमच्या शब्दाला वजन हवं. गॅस स्टेशनवर एकट्याने रात्रपाळी करणारा, मालाचे खोके उघडून फडताळं भरणारा ‘असिस्टंट मॅनेजर’ यात बसत नाही.

आयटीवाल्यांना ओव्हरटाइम मिळतच नाही असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. सिस्टिम ॲनालिस्ट, प्रोग्रामर, सॉफ्टवेअर इंजिनिअर यांच्यासाठी वेगळी सूट आहे. आठवड्याला ६८४ डॉलर ठरलेला पगार किंवा तासाला किमान २७ डॉलर ६३ सेंट मिळत असतील आणि काम खरोखर प्रोग्रॅम किंवा सिस्टिम रचण्याचं, लिहिण्याचं, तपासण्याचं असेल, तर दीडपट मिळत नाही. पण हेल्प डेस्कवर बसून पासवर्ड रीसेट करणं, लॅपटॉप जोडून देणं, ठरलेल्या यादीप्रमाणे तक्रारी निस्तरणं हे काम केवळ कॉम्प्युटरवर होतं म्हणून या सवलतीत येत नाही. अशा नोकऱ्यांत आठवड्याला पन्नास-पन्नास तास करणारी मुलं ‘आपल्याला लागू नाही’ असं धरूनच चालतात. तासावर पैसे घेणाऱ्या कन्सल्टंटला दीडपट मिळत नसली तरी केलेल्या प्रत्येक तासाचा साधा दर मिळायलाच हवा. ‘क्लायंट चाळीसच मंजूर करतो, वरचं ॲडजस्ट कर’ हे ऐकून घेऊ नका.

मोटेलवर राहून काम करतो. राहणं-खाणं फुकट आहे, म्हणून पगार कमी. हे कायदेशीर आहे?

खोलीचा खर्च पगारात धरता येतो, पण मालकाच्या मनाला येईल त्या आकड्याने नाही. राहणं तुम्ही स्वखुशीने स्वीकारलेलं हवं, त्याचा फायदा मुख्यतः तुम्हाला हवा, आणि मालकाला खरा खर्च किती येतो त्याच्या नोंदी त्याच्याकडे हव्यात. रात्री दोन वाजता बेल वाजली की उठून चेक-इन करायला कुणीतरी हवं म्हणून मालकाने तुम्हाला तिथे ठेवलं असेल, तर फायदा कुणाचा हा प्रश्न निघतोच.

मोटेलमध्ये नवरा-बायको दोघं राबतात आणि पगार एकाच्याच नावावर निघतो, हेही सर्रास दिसतं. बायकोने खोल्या आवरल्या, चादरी धुतल्या, डेस्क सांभाळलं, तर तीही कामगार आहे. तिचे तास वेगळे, तिचे पैसे वेगळे.

बेलची वाट बघत असलेला वेळ मोजायचा का, यावर कोर्टात खूप वाद होतात. डेस्कजवळून हलता येत नसेल तर तो वेळ कामाचा. खोलीत झोपलेले असाल, बाहेर जायची मुभा असेल आणि क्वचितच उठावं लागत असेल, तर झोपेचा वेळ बहुधा धरत नाहीत, पण उठून केलेलं काम धरावंच लागतं.

हिशोबाने किती पैसे निघतात? उदाहरण देऊन सांगा.

टेक्सासमधल्या मोटेलमध्ये आठवड्याला ७०० डॉलर ठरलेला पगार, काम ६० तास, असं धरू. ओव्हरटाइम दिलेलाच नाही.

७०० डॉलर ४० तासांसाठी ठरले होते असं सिद्ध झालं तर तासाचा दर १७ डॉलर ५० सेंट, दीडपट २६ डॉलर २५ सेंट, आणि वरच्या २० तासांचे आठवड्याला ५२५ डॉलर. पन्नास आठवड्यांचे २६,२५० डॉलर.

मालक मात्र म्हणेल की ७०० डॉलर सगळ्याच तासांसाठी होते. तसं मानलं तर दर ७०० भागिले ६०, म्हणजे सुमारे ११ डॉलर ६७ सेंट. साधा दर देऊन झालेला आहे, राहिला फक्त वरचा अर्धा. ते आठवड्याला साधारण ११७ डॉलर, पन्नास आठवड्यांचे ५,८३३ च्या आसपास.

एकाच नोकरीचे दोन आकडे, आणि फरक वीस हजारांहून जास्त. निकाल कशावर लागतो? नोकरी देताना काय ठरलं होतं त्यावर. म्हणून मालकाचा तो पहिला व्हॉट्सॲप मेसेज, ‘सोम ते शुक्र, ८ तास, ७०० देईन’, जपून ठेवा. फोन बदलताना अशा गोष्टी हमखास जातात.

याच्या वर आणखी एक गोष्ट. कायद्याने बुडालेल्या रकमेइतकीच रक्कम भरपाई म्हणून वर मिळते, म्हणजे एकूण दुप्पट. आपण प्रामाणिकपणे आणि रास्त कारणाने वागलो हे मालकाने कोर्टाला पटवलं तरच ती दुसरी रक्कम कमी किंवा माफ होऊ शकते. शिवाय तुम्ही जिंकलात तर तुमच्या वकिलाची वाजवी फी मालकाने द्यायची. त्यामुळेच असे खटले पुष्कळ वकील आगाऊ पैसे न घेता चालवतात.

कुठला वेळ कामाचा धरतात?

मालकाच्या माहितीत झालेलं सगळं काम, त्याने सांगितलेलं असो वा नसो. ‘मी थांबायला सांगितलं नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही. तुम्ही थांबलाय हे दिसत असूनही त्याने काम होऊ दिलं, की पैसे लागू झाले. पाच ते वीस मिनिटांची चहाची सुटी पगारी असते. जेवणाचा अर्धा तास कापायचा तर तो पूर्ण मोकळा हवा. गल्ल्यावर बसून डबा खाल्ला, मधे गिऱ्हाईक आलं, तर ते जेवण नव्हे, काम आहे. घरून कामावर जायचा प्रवास धरत नाहीत, पण दिवसात एका दुकानातून मालकाच्या दुसऱ्या दुकानात जावं लागलं तर तो प्रवास धरतात. सुटताना झडतीसाठी रांगेत उभं राहण्याचा वेळ गोदामातल्या कामगारांना फेडरल कायद्याखाली नाकारला गेला, सुप्रीम कोर्टाचा तसा २०१४ चा निकाल आहे. मला तो अन्यायाचा वाटतो, पण आहे तो आहे.

या आठवड्यात ५० तास, पुढच्या आठवड्यात ३०. सरासरी ४० म्हणून ओव्हरटाइम नाही म्हणतात.

चुकीचं. प्रत्येक आठवडा स्वतंत्र मोजायचा. पन्नासच्या आठवड्याचे दहा तास दीडपटीने द्यायचेच. ‘पैशांऐवजी सुटी घे’ हेही खाजगी मालकाला करता येत नाही. ती मुभा सरकारी खात्यांना आहे. उलट बाजूही सांगते: रोज ८ तासांच्या वर गेलं, रविवारी बोलावलं किंवा ऐन दिवाळीत काम केलं, म्हणून फेडरल कायदा जास्त पैसे देत नाही. दिवसाचा ओव्हरटाइम कॅलिफोर्नियासारख्या थोड्या राज्यांत आहे.

टिप मिळते म्हणून तासाला दोन डॉलरच देतात. आणि गल्ल्यात पैसे कमी पडले की आमच्याकडून कापतात.

टिपवाल्या कामाला फेडरल कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट इतकं कमी रोख वेतन चालतं, १९९१ पासून तोच आकडा आहे. पण टिप धरून एकूण ७ डॉलर २५ सेंट व्हायला हवेत, नसतील तर उरलेले मालकाने घालायचे. मालक किंवा मॅनेजरने तुमच्या टिपमधला वाटा घेणं बेकायदेशीर आहे. गल्ल्यातली तूट, फुटलेली काच, युनिफॉर्म यांची कपात किमान वेतनाच्या किंवा ओव्हरटाइमच्या पैशांना हात लावत असेल तर तीही चालत नाही.

माझ्याकडे काहीच पुरावा नाही. टाइमकार्ड नव्हतं, पंचिंग नव्हतं.

नोंदी ठेवायची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. पगाराच्या नोंदी तीन वर्षं आणि रोजच्या वेळांच्या नोंदी दोन वर्षं त्याने जपायच्या असतात. त्याने ठेवल्या नसतील तर त्याचा फायदा त्याला मिळता कामा नये, हे सुप्रीम कोर्टाने १९४६ मध्येच सांगितलं. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स इथल्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातले कामगार कोर्टात गेले होते. निकालाचं तत्त्व असं: कामगाराने रास्त अंदाज बांधता येईल एवढा पुरावा दिला की पुरे, मग तो खोटा आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. खटल्यातले इतर मुद्दे पुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून बदलले, पण हे तत्त्व आजही रोज वापरलं जातं.

एवढा पुरावा कसा दिसतो? मोटेलच्या फ्रंट डेस्कवर असलेल्या एका बाईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटींत रोजच्या वेळा पेन्सिलीने लिहिल्या होत्या: ‘६ ते १०, परत ४ ते ११॥’. संकष्टीच्या चौकटीत जागा नव्हती म्हणून तिथे बाण काढून समासात. दूध आणि गॅसचा हिशोब लिहायची सवय होती, त्यातच या वेळा गेल्या. वकिलाने पहिल्याच भेटीत त्या पानांचे फोटो मागून घेतले. वही, कॅलेंडर, फोनमधली नोंद, गूगल मॅप्सची टाइमलाइन, ‘निघालो’ असा बायकोला रोज पाठवलेला मेसेज, दुकान उघडल्याचा अलार्म लॉग, सोबत काम करणाऱ्याची साक्ष, सगळं चालतं. लिहायला आजपासून लागा, आणि मागच्या महिन्यांचं आठवतंय तोवर उतरवून काढा. फक्त खरं लिहा. फुगवलेला एक तास बाकीच्या शंभर खऱ्या तासांवर संशय आणतो.

पगार रोखीत मिळतो. किंवा वर्षअखेर १०९९ (कॉन्ट्रॅक्टरला मिळणारा कराचा फॉर्म) देतात, म्हणजे आम्ही कॉन्ट्रॅक्टर. हक्क जातात का?

रोखीने हक्क जात नाहीत. १०९९ फॉर्मनेही आपोआप जात नाहीत. वेळ मालक ठरवतो, दर तो ठरवतो, हत्यारं-सामान त्याचं, नफातोटा त्याचा आणि तुमचं पोट त्याच्याच कामावर, असं असेल तर कागदावर काहीही लिहा, तुम्ही कामगार आहात. आणि कारभार स्वतः हाकणारा मालक कंपनीच्या नावामागे लपू शकेलच असं नाही. त्याच्यावर व्यक्तिशः जबाबदारी येऊ शकते.

मागे किती वर्षांचे पैसे मागता येतात?

दोन वर्षांचे. मालकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने कायदा मोडला असेल तर तीन. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत राज्याच्या कायद्याखाली सहा वर्षं मागे जाता येतं, म्हणून तिथे राज्याचा दावा सोबत लावतातच.

मुदत प्रत्येक पगाराची वेगळी चालते. तुम्ही विचार करत बसलात की दर पंधरवड्याला सगळ्यात जुना पगार हातातून निसटतो. आणि हे नीट लक्षात घ्या: फेडरल कामगार खात्यात तक्रार केल्याने फेडरल दाव्याची मुदत थांबत नाही, कोर्टात दावा दाखल झाल्यावरच थांबते. सामूहिक दाव्यात तर तुमची स्वतःची लेखी संमती कोर्टात दाखल होईल त्या दिवशी. सहकाऱ्याने केस केली म्हणजे आपण आपोआप त्यात आलो, असं इथे होत नाही.

तक्रार कुठे करायची?

कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे, १-८६६-४८७-९२४३ या नंबरवर. फी नाही, वकील लागत नाही, दुभाष्या मागता येतो, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात. मालकाचा पत्ता, कामाचं स्वरूप, पगार कसा आणि कधी मिळतो, एवढं हाताशी ठेवून फोन करा. पण ते प्रत्येक तक्रार हाती घेतातच असं नाही. रक्कम मोठी असेल तर खाजगी वकिलाचा रस्ता समांतर ठेवा. राज्याचं कामगार खातं हा तिसरा रस्ता.

तक्रार केली तर काढून टाकतील. शिवाय माझं इमिग्रेशन स्टेटस नाजूक आहे.

तक्रार केली म्हणून काढणं, तास कमी करणं, धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा धरून त्यावर वेगळी दाद मागता येते. तोंडी तक्रारीलाही हे संरक्षण आहे, असा सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल आहे. तरी मालकाशी झालेलं बोलणं ईमेलने लिहून पाठवा.

केलेल्या कामाचे पैसे मागण्याचा हक्क कागदपत्रांवर अवलंबून नाही. ‘इमिग्रेशनला फोन लावतो’ ही धमकीच बेकायदेशीर सूडात मोडते. पण परवानगी नसताना काम केलं असेल, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल किंवा एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर, तर इमिग्रेशनच्या बाजूने काय परिणाम होईल हे पाऊल उचलण्याआधी त्या विषयाच्या वकिलाला विचारा. भीती दाखवायला हे सांगत नाही. दोन्ही बाजू बघून उचललेलं पाऊल मागे घ्यावं लागत नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. प्रोजेक्ट संपलं म्हणून बेंचवर बसवलं आणि पगार बंद.

हे ओव्हरटाइमच्या कायद्यात नाही, एच-१बी च्या नियमांत येतं, आणि तिथे ते स्पष्ट मना आहे. कंपनीकडे काम नाही म्हणून तुम्ही बसून असाल तरी एलसीए मध्ये, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी कामगार खात्यात भरलेल्या अर्जात, लिहिलेलं वेतन द्यावंच लागतं. तुम्ही स्वतःच्या कारणाने सुटी मागितली असेल तर गोष्ट वेगळी. एच-१बी ची कायदेशीर फी पगारातून कापणंही चालत नाही. तक्रार डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर त्याच डिव्हिजनकडे करायची, आणि इथे मुदत फक्त बारा महिन्यांची आहे. बेंचवरच्या काळातले ‘रोज रिझ्युमे पाठव, मार्केटिंग कॉलला बस’ असे ईमेल जपा. तुम्ही कामावर हजर होतात हे त्यावरूनच दिसतं.

एका मराठी कुटुंबात मुलं सांभाळते, तिथेच राहते.

तुम्हाला किमान वेतन प्रत्येक कामाच्या तासाला लागू आहे. राहत्या कामगाराला फेडरल कायद्याने ओव्हरटाइम नाही; येऊन-जाऊन करत असाल तर मात्र ४० तासांच्या वर आहे. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी इथे घरकामगारांसाठी वेगळे कायदे आहेत, तिथे आणखी मिळतं. ‘तू घरच्यासारखीच आहेस’ हे प्रेमाने म्हटलेलं असू शकतं. पैशांचा हिशोब त्याने बदलत नाही. आणि हे वाचणारं कुटुंब कामावर ठेवणारं असेल, तर तास लिहा, पैसे बँकेतून द्या.

ओव्हरटाइमवर आता कर नाही असं ऐकलं.

२०२५ ते २०२८ या वर्षांसाठी वजावट आहे, सरसकट माफी नाही. दीडपटीतला फक्त वरचा ‘अर्धा’ भाग आणि तोही फेडरल कायद्याने बंधनकारक असलेल्या ओव्हरटाइमचा; मर्यादा १२,५०० डॉलर, जोडप्याने एकत्र रिटर्न भरल्यास २५,०००. उत्पन्न फार असेल तर ती कमी होत जाते.

मालक म्हणतो, ‘निम्मे घे, इथे सही कर, विषय संपव.’

त्या क्षणी सही करू नका. कागद घरी आणा, फोटो काढा, वकिलाला दाखवा. किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा हक्क खाजगी चिठ्ठीवर सही करून सोडून देता येत नाही, हे तत्त्व १९४५ पासूनचं आहे. कामगार खात्याच्या किंवा कोर्टाच्या देखरेखीखाली झालेली तडजोड मात्र पक्की असते. खात्याच्या चौकशीनंतर चेकसोबत डब्ल्यूएच-५८ नावाचा फॉर्म आला, तर त्यात लिहिलेल्या काळासाठी स्वतः दावा लावण्याचा हक्क तुम्ही सही करून पैसे घेताच संपतो. दुप्पट भरपाईचाही. रक्कम तुमच्या वहीतल्या हिशोबाशी जुळते का हे सहीच्या आधी ताडून बघा.

नोकरीवर घेताना सही केलेल्या लवादाच्या कलमाची गोष्ट निराळी. ते कलम असेल तर कोर्टाऐवजी लवादापुढे, आणि पुष्कळदा एकट्यानेच जावं लागतं, पण दावा मरत नाही. तो कागद कुठे ठेवलाय ते शोधा आणि वकिलाच्या पहिल्या भेटीला सोबत न्या.